ब्याऐंशी विजयांची आशा

आमच्या वर्गातील मुलांस आमचे एक वेड पुरते ठाऊक आहे. एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत एखाद्या सकाळी आम्ही फळ्याकडे वळताना जरा अधिक गंभीर दिसलो, तर मागच्या बाकावरून "सर, पिट्सबर्ग हरले वाटते!" असा दबका उद्गार निघतो, आणि तो बहुधा खरा असतो. क्रिकेटच्या या देशात बेसबॉल नामक परक्या खेळातील, त्यातही नेहमी हरणाऱ्या संघाचा कैवार एका मराठी शिक्षकाने का घ्यावा, असे काही पालकांनीही आम्हांस विचारले आहे. नवा हंगाम आता तोंडावर आला आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर येथेच देऊन टाकावे म्हणतो.

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातील जुने पोलादाचे शहर. आलेगेनी व मोनोंगाहिला या दोन नद्यांचा तेथे संगम होतो व त्यांचीच पुढे ओहायो नदी होते. या शहराच्या संघाचे नाव पायरेट्स, म्हणजे चाचे. नाव ऐकून कोणी दचकू नये. १८९१ च्या सुमारास दुसऱ्या संघाचा समजला जाणारा एक खेळाडू या मंडळींनी आपल्याकडे ओढला, तेव्हा प्रतिपक्षाने त्यांस चाचेगिरीचा दोष लावला. यांनी तो दोषच बिरुद म्हणून मिरविला. (कोणी थट्टेने ठेवलेले नाव पुढे आडनाव म्हणून अभिमानाने लावणारी घराणी आपल्याकडेही आहेत.) अमेरिकेचे सर्वोच्च अजिंक्यपद, ज्यास वर्ल्ड सिरीज म्हणतात, ते या संघाने १९०९, १९२५, १९६०, १९७१ व १९७९ अशा पाच वर्षी मिळविले. १९७९ नंतर मात्र ते एकदाही मिळाले नाही.

आम्हांस या संघाची गोडी लागली ती आमच्या दादांमुळे. ते आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. १९९२ च्या ऑगस्टात ते उच्च शिक्षणासाठी पिट्सबर्गास गेले, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे असून शाळेच्या वसतिगृहात राहत होतो. त्या काळी दूरध्वनी महाग. पंधरा दिवसांनी एक निळे हवाईपत्र येई, तेवढाच त्यांचा सहवास. ऑक्टोबरच्या अखेरीस जे पत्र आले त्यात अभ्यासाविषयी चार ओळी होत्या आणि उरलेले सारे पत्र एका सामन्याने भरले होते.

तो सामना १४ ऑक्टोबर १९९२ रोजी अटलांटा येथे झाला. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतील तो सातवा व शेवटचा. नवव्या डावाचा उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा पिट्सबर्ग २–० असे पुढे होते. आणखी तीन गडी बाद करावयाचे, की वर्ल्ड सिरीज दाराशी! दोन बाद झालेही. तोवर एक धाव गेली होती व तिन्ही तळांवर अटलांटाचे गडी उभे होते. अशा वेळी फ्रान्सिस्को कॅब्रेरा नामक, सहसा बाकावरच बसून राहणारा खेळाडू बॅट घेऊन आला. त्याने चेंडू डावीकडे मारला. बरोबरीची धाव निघाली, आणि तिच्यामागोमाग सिड ब्रीम हा दुखऱ्या गुडघ्यांचा, मंद पायांचा गडी दुसऱ्या तळावरून निघून, चेंडू येऊन पोहोचण्यापूर्वी केसभर आधी घसरत घरी पोहोचला. ३–२. हा ब्रीम १९९० पर्यंत पिट्सबर्गकडूनच खेळत असे, हे त्यातले विशेष. "घरमालक उठून काही न बोलता दिवे मालवून निजावयास गेले," असे दादांनी लिहिले होते. परक्या देशात जाऊन त्यांस दोनच महिने झाले होते. परंतु त्या रात्री आपण या गावचे झालो असे त्यांस वाटले. माणसास गाव आपलेसे वाटते ते गावाच्या दुःखात, हे आम्ही तेव्हा प्रथम त्यांच्या पत्रावरून जाणले.

त्याच हिवाळ्यात बॅरी बॉन्ड्स हा संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू सॅन फ्रान्सिस्कोस निघून गेला, आणि मग जे सुरू झाले त्यास अवर्षण म्हणावे की वनवास, हे वाचकांनीच ठरवावे. बेसबॉलचा हंगाम फार दीर्घ, प्रत्येक संघास १६२ सामने. त्यांपैकी ८१ जिंकले म्हणजे निम्मे. १९९३ पासून २०१२ पर्यंत, लागोपाठ वीस वर्षे, पिट्सबर्गने विजयांहून अधिक पराजय पाहिले. अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी वर्षे ओळीने असा हंगाम दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्यास आलेला नाही. या वीस वर्षांत दादांचे शिक्षण संपले, नोकरी लागली, विवाह झाला, मुले शाळेत जाऊ लागली. आम्हीही पदवीधर होऊन शिक्षक झालो. पत्रांच्या जागी दूरध्वनी आला व त्याच्या जागी चित्रसंभाषण. परंतु "आईस नमस्कार" या शब्दांच्या आधी त्या आठवड्याच्या हारजितीचा हिशेब सांगण्याचा शिरस्ता कधी चुकला नाही. वास्तविक दूर राहणाऱ्या दोन भावांस एकमेकांशी बोलावयास फारसे काही उरत नाही. पैशाच्या गोष्टी लवकर संपतात, प्रकृतीच्या गोष्टी चिंता वाढवितात. चाचे मात्र रोज काहीतरी नवे करून हरत असत, आणि आमचे बोलणे चालू राहत असे.

मध्यंतरी, २००८ च्या नोव्हेंबरात, याच संघाने उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोन तरुणांस करारबद्ध केले. दोघेही मूळचे भालाफेकपटू. चेंडू वेगाने फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले होते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये शिरणारे ते पहिले भारतीय. दोघांपैकी कोणीही सर्वांत वरच्या पायरीपर्यंत पोहोचला नाही. तथापि त्या वर्षी आमच्या शाळेतील मुलांनी मैदानाच्या कोपऱ्यात विटांचे चार तळ मांडून जो खेळ आरंभिला, त्याचे नियम बेसबॉलशी फारसे जुळत नसले तरी उत्साह अस्सल होता.

वनवासास अखेर खंड पडला. २०१३ च्या ९ सप्टेंबरला टेक्सासमध्ये १–० असा सामना जिंकून पिट्सबर्गने त्या वर्षीचा ब्याऐंशीवा विजय मिळविला. ब्याऐंशी म्हणजे निम्म्याहून एक अधिक. दुसऱ्या शहरात या आकड्यास कोणी विचारीत नाही. पिट्सबर्गात म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांस पाणी आले. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीशी जो बाद फेरीचा सामना झाला, त्यास दादा स्वतः हजर होते. सारे मैदान काळ्या पोशाखात. प्रतिपक्षाचा पिचर जॉनी क्वेटो. हजारो लोक त्याचे नाव हेल काढून पुकारू लागले, तेव्हा चेंडू त्याच्या हातून निसटून खाली पडला, आणि लगेच पुढच्याच फेकीवर रसेल मार्टिनने तो प्रेक्षकांत भिरकावून दिला. ६–२ असा तो सामना जिंकला. दादांच्या आवाजाची त्या दिवशी जी दशा झाली होती, तीवरून त्यांस सर्दी झाली आहे असा आईचा समज झाला व तिने दूरध्वनीवरूनच आल्याचा काढा सांगितला. त्या वर्षी व पुढील दोन वर्षी संघ बाद फेरीत गेला. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही.

आता आमच्या आशेचे मूळ सांगतो. पॉल स्कीन्स नावाचा पिचर या संघास २०२३ च्या निवडीत पहिल्या क्रमांकाने मिळाला. वायुसेनेत अधिकारी व्हावे म्हणून जो प्रथम त्या विद्यालयात दाखल झाला होता, तो हा तरुण. मे २०२४ मध्ये तो प्रथम मैदानात उतरला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवागत ठरला. २०२५ साली नऊ डावांमागे त्याच्या नावे मांडलेल्या धावांची सरासरी दोनांहूनही कमी, १.९७ इतकी होती. नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक त्यास एकमताने मिळाले. आणि तरीही त्याची हारजीत काय? दहा विजय, दहा पराजय! प्रत्येक सामन्याचा जय वा पराजय एकेका पिचरच्या नावे लिहिण्याची तेथे रीत आहे. याने एखादीच धाव द्यावी, आणि याच्या सोबत्यांनी एकही काढू नये, असे वारंवार घडले. साऱ्या हंगामात पिट्सबर्गने ५८३ धावा केल्या. तीस संघांत याहून कमी कोणाच्या नव्हत्या. संघ ७१ जिंकला, ९१ हरला.

हे आकडे आम्ही वर्गात सरासरीचा धडा शिकविताना देतो. आमच्या मते बुद्धिमान परंतु एकट्या पडलेल्या मुलाचे इतके स्वच्छ चित्र दुसरीकडे सापडावयाचे नाही. सर्व काही बिनचूक करूनही ज्याच्या प्रगतिपुस्तकात निम्मे गुण पडतात, त्याने चिडावे काय? स्कीन्स चिडलेला आम्ही पाहिला नाही. तो पाच दिवसांनी पुन्हा येतो व पुन्हा तसाच फेकतो. चिडतो तो प्रेक्षक. आणि प्रेक्षकाचे चिडणे धनिकांवर असते. बेसबॉलमध्ये संघाने वेतनावर किती खर्च करावा यास कडक मर्यादा नाही. लॉस एंजेलिससारखा श्रीमंत संघ पिट्सबर्गच्या कित्येक पट खर्च करतो, आणि २०२४ व २०२५ ही दोन्ही अजिंक्यपदे त्यानेच नेली. गरीब संघाने खेळाडू घडवावा व श्रीमंताने तो न्यावा, हा क्रम आहे. २०१८ च्या जानेवारीत अँड्र्यू मॅककचेन व गेरिट कोल हे दोघे असेच दुसरीकडे धाडले गेले. मॅककचेन २०२३ साली उतारवयात परत आला, तेव्हा लोकांनी त्याचे उभे राहून स्वागत केले, ही गोष्ट निराळी.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. २०२५ च्या मे महिन्यात, बारा विजय व सव्वीस पराजय अशी दैना झाली असता, संघाची सूत्रे डॉन केली यांच्याकडे आली. ते पिट्सबर्गच्याच परिसरात वाढलेले. त्यांच्या हाताखाली उरलेल्या सामन्यांत ५९ जिंकले व ६५ हरले. हे काही यश नव्हे, परंतु बुडते गलबत पाण्यावर आले एवढे खरे. शिवाय कॉनर ग्रिफिन म्हणून एक मुलगा आहे. २०२४ साली शाळेतून निघताच संघाने त्यास निवडले. २०२५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खालच्या पायऱ्यांवरील सामन्यांत त्याने २१ होम रन मारले व ६५ तळ चोरले. (तळ चोरणे हा त्या खेळात गुन्हा नसून गुण मानतात, चाच्यांस तो शोभतोही.) त्यास घाईने वर आणू नये असे आम्हांस वाटते, दादांस वाटते की आणावे. यावरून आमचा वाद चालू आहे व तो आम्ही मुद्दाम मिटवीत नाही.

दादा पंच्याऐंशी विजयांची अपेक्षा करतात. आम्ही ब्याऐंशीवर संतुष्ट आहोत. स्कीन्सला दर सामन्यात चार धावा मिळाव्यात, अधिक नको. एवढ्याने त्याचे निम्मे पराजय पुसले जातील असा आमचा हिशेब आहे. सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी तेथे सामना सुरू होतो तेव्हा आमच्याकडे पहाटेचे ४ वाजून १० मिनिटे झालेली असतात. चहा ठेवावयाचा, आवाज अगदी लहान करावयाचा, व शाळेची घंटा होण्यापूर्वी निकाल हाती घ्यावयाचा, असा आमचा सहा महिन्यांचा नित्यक्रम ठरलेला आहे.

यंदा या आशेस आणखी एक कारण जोडले गेले आहे, व ते घरगुती असले तरी लपवून ठेवीत नाही. आई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. दादांनी नोकरीतून मुक्त होऊन कायमचे परत येण्याचे ठरविले आहे. म्हणजे हा त्यांचा तेथील अखेरचा हंगाम. इतकी वर्षे त्या शहरात काढली, परंतु आपल्या शहरात वर्ल्ड सिरीजचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. तो पाहावयाचा तर यंदाच. रॉबर्टो क्लेमेंटे याच्या नावाचा पूल ओलांडून मैदानात जाण्याची त्यांची सवय आहे. हा क्लेमेंटे भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निकाराग्वास निघाला असता ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान समुद्रात कोसळून गेला. तेव्हा त्याच्या नावावर बरोबर तीन हजार फटके होते. त्याच्या अंगरख्यावरील क्रमांक एकवीस, म्हणून मैदानाच्या उजवीकडील भिंत एकवीस फूट उंच ठेवली आहे. त्या भिंतीसमोरच्या जागेवर एक तरी ऑक्टोबरची रात्र बसावे, एवढेच दादांचे मागणे आहे.

त्यामुळे त्यांनी परतीचे तिकीट अद्याप काढलेले नाही. संघ सप्टेंबरअखेर बाहेर पडला, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघणार. बाद फेरीत गेला, तर नोव्हेंबरात. गेल्या रविवारी हे त्यांनी आईस समजावून सांगितले. आईने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग आम्हांस जवळ बोलावून विचारले, "अरे, किती हरले म्हणजे तो लवकर येईल?"