यॉर्कशरमधला ‘लेक’

यॉर्कशरच्या गिरणगावांत पोरं एकमेकांना हाक मारायची, ती ‘लेक’ करायला. म्हणजे खेळायला. गिरणी बंद पडली, की त्याच गल्लीतला बापही ‘लेक’ करायचा. म्हणजे त्याला काम नसायचं. आपल्याकडे काम सुटलेला माणूस घरी बसतो; तिथला खेळतो. आठवड्याचा पगार बुडालेल्या माणसाला खेळतोय म्हणायचं, हे मला आधी क्रूर वाटलं. आता वाटतं, त्या बोलीला कामातून सुटका म्हणजे खेळ एवढंच ठाऊक होतं; सुटका मागून मिळाली की लादली गेली, हे तिने विचारलं नाही.

आपल्या लेकीबाळींशी या शब्दाचं नातं नाही. तो समुद्रापलीकडून आला. 866 साली डॅनिश सैन्याने यॉर्क घेतलं आणि दहा वर्षांनी त्यांच्या हाफडन या म्होरक्याने यॉर्कभोवतीच्या नॉर्थम्ब्रिया राज्याची जमीन आपल्या माणसांत वाटली. लुटायला आलेले नांगर धरून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत खेळणं म्हणजे ‘लेइका’. जुन्या इंग्रजीतही याच कुळातलं क्रियापद होतं, पण उत्तरेच्या जिभेवर टिकलं ते नॉर्स रूप. राजांनी नव्हे, अंगणात एकत्र खेळणाऱ्या पोरांनीच ते टिकवलं असणार, असं मला मनापासून वाटतं. स्वीडनमधली मुलं आजही ‘लेका’ करतात. डेन्मार्कच्या लेगोचं नावही ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून आलं आहे.

या शब्दाची नीट नोंद केली ती जोसेफ राइट यांनी. ब्रॅडफर्डजवळ 1855 साली जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षी खाणीवर कामाला लागला. पुढे सॉल्टेअरच्या गिरणीत तो चात्यांवरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवायचा. खेळायच्या वयात खेळ नाही, शाळा जेमतेम अर्धवेळ. वाचायला तो शिकला पंधराव्या वर्षाच्या सुमारास. हाच मुलगा पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि 1898 ते 1905 या काळात त्याने सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश सिद्ध केला.

त्या कोशात खेळणं आणि बेकार असणं हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली दिलेले आहेत. माझ्या मते त्या सहा खंडांतली ती सर्वांत जिवंत नोंद आहे.