शांततेचे भाडे

2020 च्या मार्चअखेर सगळा देश घरात बसला, आणि ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांची रीतसर वाटणी झाली. बाहेरच्या खोलीत ह्यांचे ऑफिस, स्वयंपाकघरात माझे, आणि दोहोंच्या मधल्या दारात पाट मांडून पाचवीतल्या चिरंजीवांची शाळा! कुकरची शिट्टी झाली की माझे साहेब दचकत. ह्यांचा आवाज चढला की चिरंजीवांच्या बाई पाढा थांबवीत. नऊ महिने असे काढल्यावर ह्यांनी एके रात्री प्रश्न टाकला, "काम घरूनच करायचं, तर ते घर ठाण्यातच कशाला हवं?"

प्रश्न बिनतोड होता. 2021 च्या जानेवारीत आम्ही माणगाव, म्हसळे, बोर्ली पंचतन असे करीत दिवेआगरला येऊन पोचलो. चिऱ्याचे कौलारू घर, ऐसपैस ओटी, मागे वाडी, त्यापलीकडे समुद्राची गाज. महिना 15,000 रुपये. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्याच. मुलगा नव्या मुंबईला नोकरीला. आम्ही त्यांना काकू म्हणू लागलो.

मोबाइलला रेंज मिळे ती फक्त ओटीच्या उजव्या कोपऱ्यात, तीही खांबाला टेकून बसले तर. त्या खांबाशी मी लॅपटॉप मांडला. माझे काम हिशेब तपासण्याचे. ज्या कारखान्याचे हिशेब मी बारा वर्षे तपासते आहे, त्यात तयार होणारी वस्तू मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही.

पहिल्याच दिवशी ऐन मीटिंगमध्ये मागच्या पडवीतून आवाज येऊ लागला. टण्ण! जरा वेळाने पुन्हा टण्ण! आणि त्याच्या जोडीला चार बायकांचे बोलणे, हसणे. जाऊन पाहते तो काकू आणि शेजारणी सुपाऱ्या सोलायला बसलेल्या. कार्तिकात उतरवून सालीसकट उन्हात वाळवलेली सुपारी; सोलली की पत्र्याच्या डब्यात टाकायची. मी शक्य तितक्या मऊपणाने म्हटले, "काकू, अकरा ते एक आणि चार ते सहा जरा शांतता मिळेल का?"

"मिळेल की! त्यासाठीच तर आलात तुम्ही," त्या म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच घर शांत झाले. शेजारणी येईनाशा झाल्या. दुपारचा रेडिओही बंद पडला. मी मैत्रिणींना फोन करकरून त्या शांततेचे वर्णन ऐकवी. पक्ष्यांचे आवाज त्यांना मुद्दाम ऐकवी. (पक्ष्यांनी मीटिंगमध्ये व्यत्यय आणलेला मला चाले, हे मला तेव्हा सुचले नाही.)

पंधरा दिवस असे गेले. मग एका रात्री चिरंजीव विचारतात, "आई, काकू रात्रीच्या सुपाऱ्या का सोलतात गं?"

साडेदहा वाजले असतील. मी मागच्या दाराने पडवीत गेले. मिणमिणत्या दिव्याखाली काकू एकट्याच बसल्या होत्या. सोललेली सुपारी त्या डब्यात टाकीत नव्हत्या. वाजू नये म्हणून गोणपाटावर हलकेच ठेवीत होत्या. शेजारी तांदळाच्या डब्यांना लागून त्यांची वळकटी. माजघर आम्हांला दिल्यावर त्या कुठे निजतात, हे मी पंधरा दिवसांत एकदाही विचारले नव्हते.

"अहो, रात्रीचं कशाला?"

"दिवसा तुमचं काम असतं ना!" त्यांच्या स्वरात तक्रार औषधालाही नव्हती. "दिवसा चार हात लागले असते खरे. पण रात्री कोण येणार आपलं घर सोडून?"

मी खाली बसले. मग हळूहळू 3 जूनची गोष्ट निघाली. 2020 चे निसर्ग वादळ. ताशी शंभर किलोमीटरांहून जोराचा वारा. वर्तमानपत्रात मी तो आकडा वाचला होता आणि पान उलटले होते. काकूंनी तो माजघराच्या खिडकीतून पाहिला होता. "दोन-तीन तासांत सासऱ्यांच्या हातची वाडी आडवी झाली. अडीचशे पोफळी होत्या हो, साठ राहिल्या. माडांचं तर बोलूच नका. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, ते एका अर्थी बरंच झालं. रात्री दिसायचं नाही काही."

उरलेल्या साठ झाडांची रास त्या सोलीत होत्या. नवी रोपे लावली होती. ती धरायला पाच-सहा वर्षे लागणार. "तोवर ओटी आहे भाड्यानं द्यायला," असे म्हणून त्या हसल्या. मग थोड्या घुटमळून त्यांनी विचारले, "राग मानू नका, पण तुमचं काम असतं तरी काय? दिवसभर बोलता, पण हाती काही आलेलं दिसत नाही."

मला याचे उत्तर अजून सापडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचा डबा उचलून ओटीवर आणला. काकू यायला तयार होईनात. "तुमचे साहेब रागावतील," एवढेच त्यांचे म्हणणे. शेवटी शेजारणींना मी स्वतः बोलावून आणले. अकराच्या मीटिंगमध्ये डबा वाजला तसे साहेबांनी विचारले, "तिकडे काही काम चालू आहे का?" मी "हो" म्हटले. पुढे ते रोजच विचारीत, आणि मी रोजच "हो" म्हणे. संध्याकाळी आम्ही तिघेही सोलायला बसू. ह्यांच्या सुपाऱ्या काकू गुपचूप पुन्हा सोलून घेत.

मार्चअखेर आम्ही परतलो. निघताना काकूंनी रोठा सुपारीची पिशवी हाती दिली. आमच्याकडे सुपारी कुणी खात नाही. पिशवी देवापाशी आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणाच्या किनाऱ्यावरून वर सरकले. दोन दिवस काकूंचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच आला.

"रोपं वाकली, पण आहेत. लहान ना, वाऱ्याच्या हाती लागली नाहीत," त्या म्हणाल्या, आणि एकदम आवाज खाली आणून विचारले, "तुमची मीटिंग तर चालू नाही ना?"

चालू होती. मी नाही म्हटले.