ठिपक्याला वळसा

आईचा ठिपक्यांचा कागद माझ्याकडे आहे. जाड, खाकी, उदबत्तीच्या निखाऱ्याने पाडलेल्या प्रत्येक भोकाला तपकिरी कड. त्यावर रांगोळी पसरून हात फिरवायचा, कागद अलगद उचलायचा आणि खाली उमटलेले ठिपके जोडायचे. रांगोळी म्हणजे ठिपके जोडणं, हे मी बेंगळुरूला येईपर्यंत धरूनच चाललो होतो.

इथे मल्लेश्वरममध्ये समोरच्या अज्जी पहाटे सडा घालतात, चिमटीतून पीठ सोडत ‘चुक्की’ मांडतात आणि रेघ ठिपक्याला न शिवता त्याच्याभोवती वळसे घेत नेतात. ती निघाली तिथेच परत येते.

तेच मी बोरूने कागदावर काढतो. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा; 1940 सालची संस्था ती. शाई घरची: तिळाच्या तेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून जमवलेलं काजळ, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खललेलं.

3 ओळी, ओळीत 4 ठिपके घेतले की एकच रेघ सगळ्यांना वेढून येते. 3 ओळींत 3-3 घेतले तर ती मधेच मिटते. तीन सुट्या रेघा लागतात. 4 आणि 6 ला दोन. कितीतरी कागद काढल्यावर उमगलं, हा तर शाळेतला मसावि! साध्या आयतात दोन्ही संख्यांचा मसावि जेवढा, तेवढ्या रेघा. बोरू टेकवण्याआधीच ते ठरलेलं असतं, याचा मला अजूनही आनंद होतो. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात कोलमची, म्हणजे तमिळ रांगोळीची, गणिती व्याकरणं मांडली, ती याच ओढीने असणार.

पण बोरूला मसावि कळत नाही. एकदा बुडवला की तो वीतभर चालतो, मग रेघ फाटते, कागदाचे तंतू दिसू लागतात. पुन्हा बुडवून टेकवला की तिथे शाई फुगते. म्हणून मी बोरू उचलतो तो फुलीवरच, जिथे रेघ स्वतःला छेदते तिथे. दुसऱ्या खेपेची रेघ वरून गेली की सांधा झाकला जातो. ठिपक्यांमधलं अंतरही त्या वीतभर शाईवरूनच ठरवतो. पट्टी लागत नाही.

परवा अज्जींना 5 आणि 6 ची आकृती दाखवली. त्यांनी कोपऱ्यातून बोट ठेवलं आणि काही न बोलता रेघेवरून फिरवत नेलं. चौथ्या ओळीत बोट थांबलं. तिथे मी बोरू फुलीच्या जरा आधीच उचलला होता.