माणसं: दोन

तीर्थनच्या ट्रिपची एक्सेल शीट बाबांना दाखवली. हिमाचल, ब्राउन ट्राउट, मत्स्य विभागाचं लायसन्स, सोबत गाईड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, म्हणून मार्च. थंडगार पाण्यातला हा मासा मूळचा युरोपातला. इंग्रजांनी स्वतःच्या हौसेसाठी इकडे आणला.

"पैसे देऊन पकडाचा अन् सोडून द्याचा?" बाबा हसले. दिग्रसला अरुणावतीच्या काठी त्यांनीच मला गळ टाकायला शिकवलं. मरळ लागली तर रात्री रस्सा, नाहीतर वरण.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते नदीवर गेलेले नाहीत. 'माणसं: दोन' हे मी त्यांना न विचारताच लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं.

"तिथं काठावर बसाले जागा हाये का?"

मी गाईडला फोन लावला.