छायाचित्रामागचे रान

प्रवास आणि छायाचित्रण हे दोन्ही छंद आम्हांला एकदमच जडले. डोंगर, समुद्र, धबधबे आम्ही पुष्कळ टिपले. तरीही रविवारी मिस्सानंतर कोणी आवडती छायाचित्रे विचारली, की आम्ही भिवापूरकडची तीन काढून दाखवतो. त्यांतल्या एकातच वाघ आहे, त्यामुळे पाहणाऱ्यांची थोडी निराशा होते.

भिवापूर ओळखले जाते ते मिरचीमुळे. भौगोलिक मानांकन लाभलेली ती लालभडक मिरची उन्हात पसरलेली असली, की कॅमेरा उचलण्याआधी मनसोक्त शिंकून घ्यावे लागते! परंतु याच तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात मोडतो. २०१२ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे १८९ चौरस किलोमीटरांचे. शेत संपले की रान, आणि रान संपले की पुन्हा शेत.

२०१३मध्ये नागझिऱ्याहून शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडीत एक तरुण वाघ येथे आला. 'शोले'तल्या नायकावरून त्याला 'जय' म्हणत. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्राणी आदामापुढे आणले, ते तो त्यांना काय नावे देतो हे पाहण्यासाठी. नाव देणे म्हणजे जबाबदारी पत्करणे, असा अर्थ आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकला होता. २०१५च्या डिसेंबरात जय आम्हांला धुळीच्या वाटेवर बसलेला दिसला. गळ्यात रेडिओ-पट्टा होता. एका दिनदर्शिकावाल्याला चित्र आवडले. फक्त तो पट्टा पुसून द्यावा, निसर्ग निर्मळ दिसावा, अशी त्याची अट होती. आम्ही चित्र परत घेतले. २०१६च्या एप्रिलमध्ये जयच्या पट्ट्याचे संदेश थांबले. मोठी शोधमोहीम झाली, पण जय पुन्हा दिसला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीडकडे शेताच्या कुंपणातील विजेने मेला. आज त्या चित्रात आमची नजर प्रथम पट्ट्याकडेच जाते.

दुसऱ्या चित्रात एक मोहाचे झाड आहे आणि खाली अर्धी भरलेली टोपली. चैत्रातल्या पहाटे फुले वेचायला बायाबापड्या रानाच्या कडेला येतात. ओणवे बसलेले माणूस वाघाला सावजासारखे भासू शकते, म्हणून त्या एकमेकींना हाका मारीत, भांडे वाजवीत काम करतात. वाघ कोठे दिसेल, असे आम्ही एका मावशींना विचारले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमाले वाघ दिसला पायजे, आमाले नाई दिसला पायजे." आम्हांला उत्तर सुचले नाही. मावशींचे छायाचित्र आम्ही घेतले नाही. टोपलीचे घेऊ का, एवढे मात्र विचारले. "घ्या की, तिले काय होते!" त्या म्हणाल्या.

तिसरे चित्र गोठणगावच्या बाजूचे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तेथे 'एफ-२' ही वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी कोंडले होते. त्याची चित्रफीत सर्वदूर पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली आणि संबंधित वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ती झाली हे बरेच झाले; पण 'आणखी थोडे पुढे घ्या' म्हणणारा आवाज बहुधा मागच्या आसनावरून येतो, हे आम्ही असंख्य फेऱ्यांत ऐकले आहे. चालकाचे पोट त्या आवाजाच्या खुशीवर असते. प्रत्येक प्राण्याचे देवापुढे स्वतःचे मोल आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले. जिप्सीत बसल्यावर ते मोल आपण आपल्या तिकिटाच्या दरात मोजू लागतो.

पुढच्या महिन्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा वाघ दिसलाच नाही. वाटेवरच्या मऊ मातीत फक्त ठसे होते: एक रांग रुंद पावलांची, तिच्या आजूबाजूला लहान पावलांची गर्दी. ती एफ-२चीच होती की दुसऱ्या कोणाची, हे मातीवरून कोण सांगणार? आम्ही एकच चित्र घेतले. बांबूच्या बेटात काहीतरी सळसळले. चालकाने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलवली, आणि त्याने गाडी सावकाश मागे घेतली.