वहिनींचं घर आणि चार बटणं

इंदूरच्या रामबागेत आमच्या वहिनी एकट्याच राहतात. वय ८१. गेल्या पावसाळ्यात रात्री जिन्याशी पडल्या. तेव्हापासून पुतण्याचा फोनवर एकच धोशा, "आई, बंगळूरूला चल, नाहीतर घरात कॅमेरे लावतो." वहिनींना दोन्ही नको.

माझ्या नातवाने 'होम असिस्टंट' बसवलं. २०१३ साली पॉलस स्काउटसेन यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कोडही सगळ्यांना खुला. कारभार घरातल्याच रास्पबेरी पायच्या डबीत चालतो; इंटरनेट गेलं तरी दिवे लागतात. घरची माहिती घरातच राहते, हे मला बँकवाल्याला फार पटलं.

पण पडद्यावर नावं काय, तर 'बायनरी सेन्सर', 'स्विच दोन'! वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे तर तुमच्या बँकेच्या फॉर्मसारखं झालं."

नावं बदलायची सोय त्यात असतेच. मी नि नातू बसलो आणि 'मागचा जिना', 'न्हाणीघर', 'नर्मदेची मोटर' अशी नावं घातली. बटणं चारच, पण ठसठशीत. भिंतीवरची जुनी बटणंही चालली पाहिजेत, हा माझा हट्ट. आता वहिनींनी पलंगावरून पाय खाली टाकला की न्हाणीघरापर्यंत मंद दिवे लागतात, थोड्या वेळाने आपोआप विझतात.

नातू पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाईल. म्हणून कुठला सेन्सर कुठे, सेल कधी बदलला, बॅकअप कधी घेतला, सगळं मी लेजरसारखं वहीत उतरवलंय. वहिनींनी वहीवर 'श्री' काढून हळदकुंकू वाहिलं. बंगळूरूचा विषय तूर्त दिवाळीनंतर.