नेपल्स, नोन्ना आणि चाळीस बाटल्या

पास्ता म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फूड कोर्टमधली ती पिंक सॉसची बशी, वर भुरभुरवलेलं ऑरेगानो आणि सोबत गार्लिक ब्रेडचे दोन तुकडे. छान लागतं, वादच नाही. पण तीच बशी नेपल्सच्या माणसासमोर ठेवून बघा. साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घालणाऱ्याकडे पुण्यातली आजी जशी बघेल ना, अगदी तस्सा बघतो तो!

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी दीड महिना नेपल्समध्ये होतो. शहर पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. हॉर्न, सिग्नलला न जुमानणाऱ्या स्कूटर्स, स्पाक्कानापोलीच्या गल्ल्यांत डोक्यावर वाळणारे कपडे. चौथ्या मजल्यावरून एका बाईने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, भाजीवाल्याने त्यात वांगी टाकली, टोपली वर! गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला इथे गाईड लागणार नाही.

तिथला माझा एक सहकारी सप्टेंबरपासून मिलानला नोकरीसाठी जाणार होता. दक्षिण इटलीतली पोरं पोटापाण्यासाठी उत्तरेला जातात, आपल्याकडे कोकणातून मुंबईला येतात तशी. जायच्या आधी त्याला एकच काम उरकायचं होतं, आजीकडून सॉस शिकायचा. आजी, म्हणजे त्यांच्या भाषेत नोन्ना, ब्याऐंशी वर्षांची. हात थरथरतात. आणि कृती कुठेही लिहिलेली नाही. ‘‘तू पण चल,’’ म्हणाला. मला तोवर चहा आणि मॅगीपलीकडे काही येत नव्हतं. म्हणजे दोघेही फ्रेशर!

व्हेसुव्हियसला वळसा घालत जाणाऱ्या लोकलने तासाभरात सार्नो गाठलं. ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत पिकणारा सान मार्झानो टोमॅटो याच पट्ट्यातला. लांबट, गर भरपूर, बिया कमी, आंबटपणा बेताचा. आपल्या हापूसला जीआय आहे ना, तसं याचंही नाव १९९६ पासून युरोपात संरक्षित आहे. पण हीच राखेची माती ५ मे १९९८ रोजी पावसाने डोंगरावरून सुटली आणि घरांवर आली. सार्नो आणि आसपासची गावं मिळून सुमारे १६० माणसं गेली. माळीण आणि इर्शाळवाडीच्या बातम्या बघितलेल्या आपल्याला याहून जास्त काही सांगायला नको. नोन्नाच्या अंगणातून तो डोंगर दिसतो. ती त्याबद्दल बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

गंमत म्हणजे टोमॅटो मूळचा इटलीचा नाहीच! तो सोळाव्या शतकात अमेरिकेतून आला. पास्त्यावर तो घालायची कृती इप्पोलितो काव्हालकांतीने नेपल्सच्या बोलीत छापली ती १८३९ मध्ये. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर! ‘युगानुयुगांची परंपरा’ वगैरे ऐकलंत की हे लक्षात असू द्या.

ऑगस्टमध्ये इथल्या घराघरांत वर्षाची बेगमी होते. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढायचे, यंत्रातून साली-बिया वेगळ्या करायच्या, गर काचेच्या बाटल्यांत भरायचा, प्रत्येक बाटलीत बेझिलचं एक पान. मग बाटल्यांमध्ये फडकी कोंबून त्या पिंपात रचायच्या, पाणी उकळायचं आणि रात्रभर तसंच गार होऊ द्यायचं. आपल्याकडच्या वाळवणासारखंच, सगळं घर राबतं.

दुपारी त्याच गराचा सॉस. पातेल्यात चार चमचे ऑलिव्ह ऑइल, ठेचलेली एक लसूण पाकळी. ती सोनेरी झाली की बाहेर! कांदा नाही. नोन्नाचा नियम असा, की कांदा किंवा लसूण, दोन्ही एकत्र कधीच नाही. मग बाटलीभर गर, मीठ, मंद आचेवर वीस मिनिटं, शेवटी बेझिल. बस्स. ना साखर, ना क्रीम, ना ऑरेगानो.

‘‘मीठ किती?’’ नातवाने विचारलं.

‘‘क्वान्तो बास्ता.’’ पुरेल तेवढं. म्हणजे आपलं ‘चवीनुसार’!

पण गडी इंजिनीअर. त्याने वजनकाटा काढला आणि तिला आधी त्यावर मीठ टाकायला लावलं. तीन चिमट्या, चार ग्रॅम. तेलाचंही तेच. ती वैतागली, पण टाकत राहिली. मी लिहून घेत होतो.

तुम्हाला घरी करायचाय? दोघांसाठी अर्धा किलो पिकलेले लांबट टोमॅटो घ्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोला आणि हाताने कुस्करा. आपले टोमॅटो पाणीदार, तेव्हा वीसऐवजी पस्तीस मिनिटं द्या. दोनशे ग्रॅम पास्त्याला दोन लिटर पाणी, वीस ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी पास्ता काढून सॉसमध्ये टाका, सोबत त्याचंच डावभर पाणी. ते पाणी ओतून देऊ नका, सॉस पास्त्याला धरतो तो त्यामुळे!

दुसऱ्या दिवशी बाटल्या गार झाल्या. मिलानसाठी किती, असं नोन्नाने विचारलं. ‘‘दहा,’’ तो म्हणाला, ‘‘ट्रेनने जायचंय मला.’’ ती काहीच बोलली नाही. वर्तमानपत्रात एकेक बाटली गुंडाळत गेली. खोकी भरून झाल्यावर मी मोजल्या. चाळीस होत्या.